कळा कोरकूत, सूचना मराठीत

(दृश्य : सेमाडोहजवळचा घाट. पावसाची झड. समोरून येणारी रुग्णवाहिका.)

धारणी आणि चिखलदरा, अमरावती जिल्ह्यातले हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. इथल्या घराघरांत कोरकू बोलतात. ही भाषा संथाळी-मुंडारीच्या कुळातली, मराठीशी तिचं काही नातं नाही. त्यामुळे शिक्षणानंतरच्या बंधनकारक सरकारी सेवेवर (बंधपत्रावर) आलेल्या नव्या डॉक्टरला ती अंदाजानंही उमगत नाही.

बाजारात हिंदीवर भागतं. पुरुषांना तिची सवय असते. प्रसूतिकक्षात मात्र बाई एकटी असते, आणि कळा वाढल्या की तिला सुचते ती घरचीच भाषा.

(दृश्य : प्रसूतिकक्षाचं बंद दार. बाहेर बाकावर आशा, म्हणजे गावातली आरोग्य सेविका.)

सिस्टर सांगते, ‘आत्ता जोर लावू नको.’ पिशवीचं तोंड पुरतं उघडलेलं नसतं. अशा वेळी जोर लावला तर आई उगाच दमते, तोंडाला सूज येते. बाईपर्यंत पोहोचतो तो फक्त चढलेला आवाज. ती घाबरते आणि आणखी जोर लावते. मग म्हणायचं, पेशंट सहकार्य करत नाही! सहकार्य म्हणजे काय करायचं, हे तिला कळलेलंच नसतं.

रक्तदाब यंत्रावर दिसतो. पण डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे बाईनंच सांगायला हवं. झटके येण्याआधीचा इशारा बऱ्याचदा तोच असतो. नवऱ्याला मध्ये घालून विचारावं, तर आधीचा गर्भपात किंवा अंगावरून जाणं ती त्याच्या तोंडून वदवणार नाही. सासूसमोर तर नाहीच.

हे सगळं गावातल्या आशाला ठाऊक असतं. दिवस गेल्यापासून तिनंच नोंद ठेवलेली असते. बाळंतिणीजवळ एक बाईमाणूस असू द्यावं, असं केंद्र सरकारनं २०१६मध्येच सांगितलंय. मग कोरकू जाणणारीला बाकावर का बसवायचं? तिला उशाशी उभं केलं की सिस्टरचं वाक्य संपायच्या आत ते बाईच्या कानात पडतं.

(दृश्य : आरोग्य केंद्रालगतचं माहेरघर. अंगणात गरोदर बायका.)

दुर्गम भागात आरोग्य केंद्राजवळ माहेरघरं आहेत. तारखेच्या आधी काही दिवस बाईनं तिथे येऊन राहायचं. सोय अंतरासाठी केलेली, पण सिस्टरचा चेहरा आणि खाणाखुणा कळांच्या आधीच ओळखीच्या होतात, हा फायदाही लहान नाही.

खरी परीक्षा पुढे पाठवताना. धारणीहून अमरावतीचं डफरीन हे स्त्री रुग्णालय सुमारे दीडशे किलोमीटर, घाटातून. आशा सोबत निघाली तर भाषाही सोबत जाते. ठरलेल्या दरमहा रकमेखेरीज तिला मोबदला मिळतो कामागणिक : लसीकरणाचा वेगळा, प्रसूतीला आणल्याचा वेगळा. रात्रभर दोन भाषांत बोलत राहण्याचा मात्र नाही. आमच्या मते तो आधी याच रस्त्यावर सुरू व्हावा, कारण अडलेली बाई याच रस्त्यानं जाते.