जेनिफर जोन्स: एका फटक्यानंतरची 19 वर्षे

मित्रहो,

कर्लिंग प्रथम पाहताना आपल्यापैकी अनेकांना बर्फावरचा कॅरम आठवला असेल, आणि ती तुलना अगदीच गैरलागू नाही. फरक एवढाच, की इथली सोंगटी सुमारे 20 किलोंची, ग्रॅनाइटची असते आणि ती हातातून सुटल्यावरही दोघी सहकारी पुढचा बर्फ ब्रशने घासत तिची चाल सांभाळतात.

कॅनडातील विनिपेगच्या जेनिफर जोन्स यांचे नाव निघाले की 2005 ची सेंट जॉन्स येथील राष्ट्रीय अंतिम लढत हमखास आठवते. त्यांचा मॅनिटोबा प्रांताचा संघ ऑन्टारिओ प्रांताविरुद्ध 4-6 असा मागे होता आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या एंडमधला (डावातला) शेवटचा दगड त्यांच्या हाती होता. ऑन्टारिओचा मधला दगड आडोशाला दडलेला असल्यामुळे जोन्स यांनी लक्ष्य असलेल्या वर्तुळाबाहेरच्या दुसऱ्याच दगडाला धडक दिली आणि तिथून आत वळलेल्या आपल्या दगडाने तो उडवला. मध्याच्या सर्वांत जवळ त्यांचेच दगड उरल्याने चार गुण मिळाले, सामना 8-6 असा फिरला. कॅरममध्ये असा कट बसला, तर आपण त्याला निम्मे नशीबच म्हणू.

मला मात्र त्यानंतरची वर्षे अधिक मोलाची वाटतात, कारण नशीब सहा राष्ट्रीय विजेतेपदे देत नाही. 2008 ते 2010 अशी सलग तीन, पुढे 2015 आणि 2018. शिवाय 2008 आणि 2018 ची जगज्जेतेपदे. पेशाने वकील असलेल्या या कर्णधाराचे सगळेच निर्णय लोकांना रुचले नाहीत. 2010 च्या विजयानंतर कॅथी ओव्हर्टन-क्लॅपहॅम यांना संघातून वगळले गेले तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती मला आजही अनाठायी वाटत नाही. मात्र त्यांच्या जागी आलेल्या केटलिन लॉज, तसेच जिल ऑफिसर आणि डॉन मॅक्युएन यांच्यासह 2014 मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळाले, तेही अकराच्या अकरा सामने जिंकून. त्याआधी 2012 मध्ये जोन्स यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली होती.

महिला संघातील हा आपला शेवटचा हंगाम, असे आधीच जाहीर करून त्या 2024 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी कॅल्गरीत उतरल्या आणि अंतिम फेरीत रेचल होमन यांच्याकडून 4-5 असा निसटता पराभव पत्करला. त्या दिवशी जोन्स यांच्यासाठी बर्फ घासणाऱ्या मुली 2005 मध्ये अगदी लहान होत्या.