पाण्यावरची कर्दळीची रांगोळी

तळ्याचं पाणी स्वच्छ करायला सोडलेला तरंगता वाफा काठाशी ओढून उलटा केला, की कर्दळीची मुळं दिसतात. हात लावला तर बुळबुळीत. तो तपकिरी थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. सांडपाण्यातली घाण कुजवण्याचं बरंचसं काम तोच करतो. मुळं गाळ अडवतात, नत्र आणि स्फुरद ओढून घेतात.

इंदुरात दारापुढे निघणारी ठिपक्यांची रांगोळी तळ्यावर मांडायची, तर एक ठिपका म्हणजे एक वाफा. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, १.२ मीटर बाजूची चौकट, कोपऱ्यांना चार एल्बो (काटकोनी जोड). अशी चौकट सुमारे ४० किलो वजन तोलते; भार मात्र २० किलोच धरा, कारण भिजलेला काथ्या आणि वाढलेली कर्दळ दोन्ही जड होतात. पाइपात झाकणं घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या भरा. मग एखादा सांधा गळला तरी कोपरा बुडत नाही. थर्माकोल नको, त्याचा चुरा तळ्यातच राहतो.

चौकटीला नायलॉनची जाळी, तिच्यावर काथ्याची चटई. वाफ्यामागे १२ रोपं. मुळांची माती आधी पूर्ण धुवा, नाहीतर तीच पाण्यात उतरते. उंच कर्दळ आणि वाळा मागे, बुटकी ब्राह्मी काठाकडे. जलपर्णी चुकूनही नको; ती काही आठवड्यांत तळं झाकते.

काठावरून बघणाऱ्याला आकृती चपटी दिसते. म्हणून नजरेच्या दिशेने ती दीडपट लांब मांडा. वाफे एकमेकांना सैल दोरीने बांधा.

वाफा तळाशी धरून ठेवणाऱ्या नांगराची दोरी आखूड राहिली, तर पावसाळ्यात पाणी चढताच वाफा खाली खेचला जातो आणि रोपं बुडून कुजतात. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. दोरी भर पावसातल्या खोलीच्या दीडपट ठेवा. मासे किंवा कासवं मुळं खात असतील, तर खाली आणखी एक बारीक जाळी.

इंदूरचा सिरपूर तलाव २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे परवानगीशिवाय काहीही सोडू नये. आणि कुठल्याही तळ्यात नाला सरळ येत असेल, तर आधी तो अडवायला हवा. चार वाफ्यांना तो भार पेलत नाही.

आता कापणी. फुलांनी लगडलेली कर्दळ कापताना हात अडखळतो, तरी कापावीच लागते. पानं तिथेच गळून कुजली, तर शोषलेलं नत्र-स्फुरद परत पाण्यात जातं. दीड-दोन महिन्यांनी पाण्याच्या वर वीतभर बुंधा ठेवून बाकी कापा आणि भारा काठापासून लांब, खताच्या खड्ड्यात टाका. कारखान्याचं पाणी येणाऱ्या तळ्यातला भारा मात्र खतात घालू नका, त्यात जड धातू असू शकतात. कापलेल्या बुंध्यांतून नवे कोंब येतात आणि रांगोळी पुन्हा भरते.