दोन ऊतींचा संवाद आणि बाळाची किडनी

गर्भधारणेच्या पाचव्या आठवड्यात, अनेकदा आईला दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं तेव्हा, बाळाच्या कायमच्या मूत्रपिंडाची सुरुवात होते. एका नळीला छोटा कोंब फुटतो आणि तो शेजारच्या पेशींच्या पुंजक्यात शिरतो. कोंबापासून मूत्रवाहिनी आणि लघवी गोळा करणाऱ्या नलिका होतात, पुंजक्यापासून रक्त गाळणारे नेफ्रॉन.

अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड ग्रॉबस्टाइन यांनी १९५०च्या दशकात उंदराच्या गर्भातले हे दोन भाग वेगळे केले. एकटा ठेवलेला कुठलाच भाग पुढे वाढेना. मध्ये बारीक छिद्रांचा पडदा ठेवून ते पुन्हा समोरासमोर आणले, तर नलिका तयार झाल्या! म्हणजे पडद्यापलीकडे काहीतरी निरोप पोचत होता.

त्यातला एक मोठा निरोप सापडला तो मात्र मेंदूच्या संशोधनात. जीडीएनएफ हे प्रथिन १९९३ साली चेतापेशी जगवणारं म्हणून ओळखलं गेलं. १९९६ मध्ये त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मले, तर त्यांना मूत्रपिंडंच नव्हती, आतड्यातल्या चेतापेशीही नव्हत्या. पुंजका जीडीएनएफ सोडतो, कोंबाच्या पेशींवरचा आरईटी नावाचा ग्राही ते पकडतो, आणि कोंब वाढून फांद्या फोडतो. उलट दिशेने कोंब डब्ल्यूएनटी९बी नावाचं प्रथिन पाठवतो, तेव्हा पुंजक्यातल्या पेशी नेफ्रॉन घडवू लागतात.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतो तो लगाम. स्प्राउटी१ हे प्रथिन आरईटीचा संदेश आवरतं. उंदरात ते नसेल तर एकाऐवजी अनेक कोंब फुटतात, जादा मूत्रवाहिन्या तयार होतात. संदेश कमी पडला तर मूत्रपिंड नाही, आवरला नाही तर नळ्याच नळ्या.

सोनोग्राफीत एकच मूत्रपिंड दिसलं की आई विचारते, ‘माझ्या खाण्यात काही चुकलं का?’ बहुतेक मुलांत एकच दोषी जनुक सापडत नाही आणि आईचा दोष तर नसतोच. हे तिला त्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. एनालाप्रिल, लोसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र गर्भाच्या मूत्रपिंडाला खरोखर अपाय करतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर त्या बदलण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोला, स्वतःहून बंद करू नका.

साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत नवे नेफ्रॉन बनतात, त्यानंतर आयुष्यभर नाहीत. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाखांच्या आसपास असले, तरी कुणाकडे दोन-अडीच लाखच असतात, तर कुणाकडे वीस लाखांवर. २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं हे काम काचेच्या पेटीत, औषधं चालू असताना, अर्धवट राहू शकतं. पुढे ते मूल धावतं, खेळतं, शाळेत जातं, आणि त्याच्या मूत्रपिंडांचा विषय कुणी काढत नाही. अशा मुलांचा रक्तदाब लहानपणापासून नियमित मोजा आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. एकच मूत्रपिंड असलेल्या मुलांचंही तेच.