नव्वदची कॅसेट

[दृश्य: टेबलावर कोरी कॅसेट. नख वेष्टणावरची बारीक सोनेरी पट्टी शोधतं, ओढतं. प्लास्टिक सरळ फाटतं.]

कोरी कॅसेट, नव्वदची. एका बाजूला ४५ मिनिटं, दुसऱ्या बाजूला ४५. फिलिप्सनं ही वस्तू १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात जगापुढे मांडली. टेपरेकॉर्डर कोटाच्या खिशात मावलाच पाहिजे, असा लू ऑटेन्स या डच इंजिनिअरचा हट्ट. त्यांनी आधी खिशाच्या मापाचा लाकडी ठोकळा कापला आणि मग त्या मापात यंत्र बसवायला घेतलं. आतली पट्टी चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद. सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकते. नव्वदच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे १३० मीटर पट्टी गुंडाळलेली असते.

त्यात आज नऊ-नऊ, अशी अठरा गाणी बसवायची आहेत. एका भाचीसाठी.

[दृश्य: डोंबिवलीतलं घर. जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटींची मांडणी. कॅमेरा सावकाश वर जातो.]

ही भिंत मामांची. विकत घेतलेल्या कॅसेटी डावीकडे, भरलेल्या उजवीकडे. उजवी बाजू मोठी आहे, आणि आम्हाला तीच बघायची होती. प्रत्येक कार्डावर निळ्या पेनानं गाणी आणि लाल पेनानं गायक. कण्यावर गाण्याचं किंवा सिनेमाचं नाव सापडत नाही. तिथे माणसांची नावं आहेत. कोणी हॉस्टेलला निघालेला मित्र, कोणी लग्न करून नागपूरला गेलेली बहीण. प्रत्येक कॅसेट दोनदा भरली जायची, एक द्यायला आणि एक ठेवायला. दिलेलं गाणं पुन्हा द्यायचं नाही, म्हणून ठेवायची.

[दृश्य: जुनी दोनशे पानी वही. पानाचा क्लोज-अप.]

आधी वही. गाणं, गायक आणि समोर वेळ: ४.३५, ५.१०, ३.५०. बेरीज समासात. ज्यांच्याकडे दोन कप्प्यांचा डेक, म्हणजे एका कॅसेटवरून दुसरी भरायचं यंत्र नव्हतं, ते अशीच यादी चौकातल्या दुकानात देऊन यायचे आणि दोन दिवसांनी कॅसेट भरून घ्यायचे. घरी डेक असणाऱ्याची वट वेगळीच असायची. रविवारी मित्र पिशवीत कॅसेटी घालून यायचे. ‘हे ऐकलंस का?’ एवढं विचारलं की पुढचे दोन तास कोणी हलत नसे. मुंबईत रॉक ऐकणारी मुलं, पुण्यात भावगीतं आणि गझल ऐकणारी मुलं, सगळ्यांची गाणी एकमेकांकडे गेली ती अशीच, कोणाच्या तरी पिशवीतून.

[दृश्य: डेक. काच उघडते, कॅसेट आत बसते. पेन्सिल फिरते.]

आता नीट बघा. सुरुवातीची काही सेकंदं पट्टी कोरीच असते, तिच्यावर काही उमटत नाही. म्हणून मामा पेन्सिल खोचून ती पुढे सरकवतात. न सरकवता भरलेल्या कॅसेटमध्ये पहिल्या गाण्याचा पहिला शब्द गायब असतो. मग आधी पॉज, त्यानंतर प्ले आणि रेकॉर्ड एकत्र. डेक श्वास रोखून उभा. गाणं सुरू होण्याच्या अगदी आधी पॉज सोडायचा. उशीर झाला तर गिटारचा पहिला तुकडा गेला, घाई झाली तर मध्ये खरखर.

आवाजाची पातळी दाखवणारा काटा लालमध्ये घुटमळला की आवाज फाटतो. फारच खाली राहिला तर पट्टीची सळसळ गाण्यावर चढते. प्रत्येक गाण्याला मामा बटण नव्यानं जुळवतात, कारण १९९६ चं गाणं आणि आत्ताचं गाणं एकाच जोरानं वाजत नाही. आत्ताचं फार मोठ्यानं येतं.

[दृश्य: भाचीचा मोबाईल. त्यातून निघालेली वायर डेकच्या पाठीमागे जाते.]

हो, मोबाईल. अर्धी गाणी भाचीनं पाठवलेली आहेत. ती बंगळुरूला नोकरी करते, सुट्टीला आली आहे. मामा देतो आणि भाची घेते, असा हा एकमार्गी व्यवहार नाही. तिनं प्रतीक कुहाडचं ‘कसूर’ पाठवलं, २०२० चं. मामांनी ते तीनदा ऐकलं आणि त्याच्या आधी लकी अलीचं ‘ओ सनम’ लावलं, १९९६ चं. मधे चोवीस वर्षं. दोन्हीकडे गिटार, दोन्हीकडे आर्जव न करणारा साधा गळा. ही जोडी ऐकल्यावर भाची म्हणाली, “मामा, तू हे आधी का नाही दिलंस?” मामा म्हणाले, “अगं, तेव्हा तुला सिनेमाचीच गाणी हवी असायची.”

क्रम लावणं हे खरं काम. पहिलं गाणं ऐकणाऱ्याच्या ओळखीचं हवं, म्हणजे तो बसतो. दुसरं त्याच्या जवळपासचं. अगदी नवखं तिसऱ्यावर, तोवर विश्वास बसलेला असतो. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत. साइड ए संपताना असं काहीतरी हवं की हात आपोआप कॅसेट उलटवेल, आणि साइड बी दणक्यात उघडावी. भाचीच्या आईला ‘गारवा’ पाठ आहे, त्यामुळे सौमित्र यांच्या आवाजातली कविता आणि मागून येणारा मिलिंद इंगळे यांचा गळा तिच्याही कानावर आहे. म्हणून साइड ए तिथून सुरू होते.

आता याद्या आपोआप बनून येतात. ऐकलं त्यासारखंच पुढचं, त्यासारखंच त्याच्या पुढचं. ‘गारवा’नंतर लकी अली आणि त्यानंतर गोव्यातल्या शिवोलीचा गायक रेमो ऐकावा, हे मात्र तुम्हाला ओळखणाऱ्या माणसालाच सुचतं. गाणं द्यायचं तर माणूस डोळ्यासमोर ठेवून द्यावं, यावर आमचा ठाम विश्वास आहे, आणि ही फिल्म त्यासाठीच केली आहे.

[दृश्य: भिंतीच्या डाव्या बाजूची एक कॅसेट बाहेर येते. कार्ड उघडलं जातं.]

रेमो फर्नांडिस, ‘गोवन क्रेझी’, १९८४. इंडी, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच केलेलं संगीत, हा शब्द आपल्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता, तेव्हाची ही कॅसेट. शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, बहुतेक वाद्यं आणि सगळे आवाज स्वतःचेच. एक ट्रॅक भरायचा, तो ऐकत दुसरा भरायचा. कव्हर स्वतःच केलेलं. आणि मग पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून गोवाभर दुकानादुकानांत स्वतः पोचवायच्या. आज घरच्या खोलीत लॅपटॉपवर गाणं करून रात्रीत टाकणाऱ्या प्रत्येक पोरानं ही कॅसेट एकदा हातात घ्यावी. मामांनी ती सुट्टीत गोव्याला गेले असताना घेतली आणि परतल्यावर आख्ख्या इमारतीला ऐकवली.

[दृश्य: बंद शटर, वरून पुसट झालेली पाटी. गाडी पुढे जाते.]

भरलेल्या कॅसेटींचे पैसे कलाकारांपर्यंत पोचत नव्हते, पुढे सीडी आली, मोबाईल आला, मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकानही २०१६ मध्ये बंद झालं.

[दृश्य: पुन्हा डेक. काउंटरचे आकडे फिरताहेत. भाची जमिनीवर मांडी घालून.]

साइड बी. आठ गाणी भरून झाली, चार मिनिटं उरली आहेत. कोरी पट्टी तशीच सोडणं मामांना चालत नाही. भाची मोबाईल पुढे करते: ‘तांबडी चामडी’, २०२४, क्रेटेक्स आणि श्रेयस. मराठी शब्द, ‘हाउस’ या नाचाच्या संगीताचा ठोका, आणि बाजारात आणणारी कंपनी नेदरलँड्सची. ऑटेन्सच्या देशातली.

मामा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकतात. पाय हलतोय.

“हे इथे नाही चालणार. एवढ्या शांत गाण्यानंतर हे?”

“मग बी साइडला पहिलं ठेव ना. तूच म्हणतोस, दणक्यात उघडावी.”

मामा वही ओढतात. आठही गाणी एकेक घर खाली. समासात बेरीज नव्यानं होते आणि ४५ च्या आत बसते. म्हणजे आख्खी साइड पुन्हा भरायची. भाची कॅसेट बाहेर काढते, पेन्सिल मागते, आणि या वेळी पॉज तिनं सोडायचा असं ठरतं.