पेशी थांबते, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. पेशी दुभंगून वाढते, हे आपण शाळेत शिकतो. ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र बहुतेकांना कर्करोगाचं नाव निघाल्यावरच पडतो. खरं तर थांबणं हे पेशीचं महत्त्वाचं काम आहे आणि शाळेतच ते वाढीइतक्याच तपशिलानं शिकवायला हवं.

१९१२ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. कॅरेल १९४४ साली वारले. त्या पेशी मात्र १९४६ पर्यंत चालू होत्या. शरीराबाहेर पेशी अमर असतात, असा समज त्यातून पक्का झाला. मग कुणाच्या बाटलीतल्या पेशी थांबल्या की दोष त्याच्या हाताला लागायचा.

फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड माणसाच्या पेशी वाढवत होते. पेशी ३७ अंशांवर बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. तळ भरला की ट्रिप्सिन या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, त्या सुट्या करायच्या आणि अर्ध्या-अर्ध्या दोन बाटल्यांत घालायच्या. दोन्ही बाटल्यांचे तळ भरले, की पेशी एकदा दुप्पट झाल्या. असं सुमारे पन्नास वेळा झालं की पेशी थांबायच्या. मरायच्या नाहीत, थांबायच्या.

आता दोष पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवाचा, विषाणूचा की हाताचा? त्यांनी केलेली परीक्षा मला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटते. पुष्कळ वेळा दुप्पट झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच वेळा दुप्पट झालेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच बाटलीत मिसळल्या. द्रव एक, हवा एक, हात एक. पुरुषाच्या थोड्या पेशी वेगळ्या बाटलीतही ठेवल्या. त्या वेगळ्या पेशी थांबल्यावर मिश्रणातली गुणसूत्रं तपासली, तर विभाजन करणाऱ्या पेशी फक्त स्त्रीच्या होत्या. द्रव बिघडला असता किंवा विषाणू शिरला असता, तर दोघींचीही वाढ खुंटली असती. म्हणजे मोजणी पेशीच्या आतच होती. पेशी गोठवून ठेवल्या, तरी वितळवल्यावर त्या जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे मोजत. १९६१ साली हे प्रसिद्ध झालं.

मोजणी होते ती गुणसूत्रांच्या टोकांवर, टेलोमिअरवर. डीएनएची नक्कल होताना अगदी टोकापर्यंत पोचता येत नाही, म्हणून दर विभाजनात टोक थोडं झिजतं. फार आखूड झालं की पेशी त्याला तुटका डीएनए समजते. मग पी-५३ आणि त्याच्यामागून पी-२१ ही प्रथिनं विभाजन रोखतात. टोकं पुन्हा लांबवणारं टेलोमरेज हे विकर कॅरल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी शोधलं. १९९८ साली ते माणसाच्या साध्या पेशींत घातल्यावर त्या नेहमीची मर्यादा ओलांडून दुप्पट होत राहिल्या. बहुतेक कर्करोगांच्या पेशीही हेच विकर वापरतात. म्हणूनच टेलोमिअर लांबवण्याचं आश्वासन देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती मला बेजबाबदार वाटतात.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या श्रोत्यांसाठी थोडं. बाटलीवर पेशी किती वेळा काढून नव्या बाटलीत घातल्या एवढंच लिहू नका. दुपटीचा आकडा लिहा. एकाच्या चार बाटल्या केल्या, तर त्या भरेपर्यंत दोन दुपटी होतात. पुन्हा सांगते, दोन दुपटी.

दुसरं, दाटीमुळे थांबलेली पेशी म्हणजे कायमची थांबलेली पेशी नव्हे. शंका आली तर विरळ पेरा, ताजा द्रव द्या. वाढल्या तर त्या नुसत्या विसावल्या होत्या. कायम थांबलेल्या पेशी पसरट, मोठ्या दिसतात आणि पीएच ६ ला, म्हणजे किंचित आम्ल द्रवात, केलेल्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराच्या चाचणीत निळ्या होतात. ही चाचणी कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत ठेवू नका. त्या वायूनं पीएच घसरतो आणि निकाल फसतो. तळ गच्च भरला असेल तर धडधाकट पेशीही निळ्या दिसतात, म्हणून तरुण पेशींची तेवढीच विरळ बाटली शेजारी ठेवा आणि दोन्हींत एकाच वेळी रंग घाला.