दिल्ली थोडीच बघा

(मुंबईतल्या एका ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘दिल्लीत निवांत पाच दिवस’. तो वाचून दारातच एका गृहस्थांनी मला विचारलं, पाच दिवस दिल्लीत करायचं काय? दिल्ली दोन दिवसांत होते, मग आग्रा, मग मथुरा, जमलं तर हरिद्वार. मी म्हटलं, आत या, मी तुमच्याशीच बोलायला आलोय. ते आलेत, बसलेत, त्यांचे मनापासून आभार.

आधी एक करू या. दिल्लीला जाऊन आलेल्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळं सभागृह. हात वरच ठेवा. आता लाल किल्ल्यात, कुतुबाच्या आवारात किंवा हुमायूनच्या मकबऱ्यात अर्धा तास एका जागी नुसते बसलेत, त्यांचेच हात राहू देत. चार हात. त्यातल्या एक आजी म्हणतायत, गुडघे दुखत होते म्हणून बसले. चालेल आजी, तुमचाही हात धरला!

माझं म्हणणं एवढंच आहे. दिल्ली ही एक राजधानी नव्हे. एका राजाने एक वसवली, पुढच्याने ती सोडून शेजारी दुसरी वसवली. लालकोट, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, दीनपनाह, शाहजहानाबाद, अशी सात नावं लोक मोजतात, आणि आठवी इंग्रजांची नवी दिल्ली. ह्या सगळ्या गावांना दोन दिवसांत शिवून यायचं म्हटलं तर डोक्यात फक्त लाल दगड उरतो. म्हणून दिवसाला एकच राजधानी. तिला सकाळ द्यायची. दुपारी मुक्कामावर येऊन जेवायचं, पडायचं. संध्याकाळी पाय नेतील तिकडे जायचं. बाकीचं सोडून द्यायचं, आणि ते मुंबईतून निघतानाच ठरवायचं, म्हणजे तिथे जीव हळहळत नाही.

मुंबईच्या माणसाला हे अवघड जातं, आणि मला त्याचं कारण कळतं. आठ-बावन्न चुकली की नऊ-एक, ही सवय अंगात मुरलेली असते. सुट्टी मंजूर करून घेताना झालेला त्रास वसूल करायचा असतो. शिवाय आपण जातो कधी? शाळांना सुट्टी असते तेव्हा, म्हणजे दिवाळीत किंवा मे महिन्यात. दिल्लीला जायला वर्षातले हेच दोन काळ सर्वांत वाईट. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि लू वाहते. दिवाळीनंतर हवा इतकी खराब होते की कुतुबमिनार धुरकटातून शोधावा लागतो. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दाट धुकं, गाड्या तासन्‌तास लेट. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य, हा दिल्लीचा काळ. राष्ट्रपती भवनाची बाग, आता तिला अमृत उद्यान म्हणतात, तीही त्याच सुमारास लोकांसाठी उघडतात. मुलं लहान असतील तर परीक्षा आडव्या येतात, मान्य. पण ह्या सभागृहात मला दिसतायत ते बहुतेक सगळे निवृत्त आहेत. तुम्हाला कोण अडवतंय?

आता माझी तक्रार सांगतो. नाव घेणार नाही, कारण हे एकाच कंपनीचं नाही. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन एका टूरबरोबर गेलो होतो. आईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आणि दिल्ली कधी पाहिली नव्हती. हुमायूनच्या मकबऱ्याशी बस थांबली आणि गाइडने सांगितलं, पंचवीस मिनिटं. आता त्या जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आत शिरल्यावर उजव्या हाताला इसा खानाची अष्टकोनी कबर आहे, 1547 ची, म्हणजे हुमायूनच्या मकबऱ्याहून जुनी. स्वतःच्या तटात, स्वतःच्या मशिदीसकट उभी आहे. तिकडे आमच्यापैकी कुणी वळलंच नाही, कारण गाइड सरळ चालत सुटला. मग दोन दरवाजे ओलांडले की पाण्याच्या पाटांनी भागलेली ती चारबाग आणि मधोमध तो घुमट. हुमायूनच्या बायकोने, हाजी बेगमने, नवऱ्यासाठी बांधून घेतलेली इमारत. ताजमहाल त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी उभा राहिला, आणि इथल्या कितीतरी गोष्टी तिथे पुढे गेल्या. चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आहेत. आई त्या एकेक करून चढली, वर सावलीत टेकली आणि म्हणाली, ‘बहादूरशहाला इथेच पकडलं ना रे, सत्तावन्नमध्ये?’ इथेच. सप्टेंबर 1857, पकडणारा इंग्रज अधिकारी हडसन. आई पुढे काही बोलणार, तेवढ्यात खालून शिट्टी वाजली. गाइडने शिट्टी वाजवली, मंडळी! पंगतीत वाढून होताच पाहुण्याला हात धरून उठवावं, तसं आम्हाला उठवलं.

आणि तिथून बस गेली कुठे? शालींच्या दुकानात. तिथे पाऊण तास. दुकानदार एकेक घडी मोडून दाखवतोय, चहा येतोय, कुणाला घाई नाही. वेळ नव्हता असं मला कुणी सांगू नये. वेळ होता, तो विकलेला होता. टूर ठरवताना एक प्रश्न लेखी विचारा, वाटेत कुठल्या एम्पोरियमला थांबणार आणि किती वेळ. उत्तर गुळमुळीत आलं की समजा.

बरं, आपण मराठी माणसांनी तर तिथे बसायलाच हवं, कारण त्या दगडांत आपला हिशेब अडकलाय. कुतुबाच्या आवारात अलाउद्दीन खिलजीचा अर्धवट राहिलेला मिनार आहे. कुतुब साडेबहात्तर मीटर, आणि ह्याला त्याच्या दुप्पट उंच बांधायचा होता. पंचवीसेक मीटर चढला तोच 1316 मध्ये अलाउद्दीन वारला आणि काम थांबलं ते थांबलंच. ही ऐपत कुठून आली? 1296 मध्ये त्याने आपल्या देवगिरीवर, रामदेवराय यादवांवर धाड घातली, आणि त्या लुटीच्या जोरावर दिल्लीची गादी मिळवली. पुढे 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानीच उचलून त्याच देवगिरीला आणली आणि तिचं दौलताबाद केलं. म्हणजे थोडा काळ दिल्लीची दिल्ली आपल्या मराठवाड्यात होती. देवगिरीचा किल्ला चढलेल्याने तो अर्धा मिनार बघितला की दोन्ही जागा एकमेकींना जोडल्या जातात.

आणि लाल किल्ला! दिवाण-ए-खासमध्ये गाइड तुम्हाला मयूरासनाची जागा दाखवतो, नादिरशहाने 1739 मध्ये ते नेलं म्हणून सांगतो, आणि पुढे चालू लागतो. तुम्ही चालू नका. मान वर करा. वर रंगवलेलं लाकडी छत दिसेल. मुळात तिथे चांदी होती. 1760 च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी किल्ला घेतला तेव्हा फौजेला पोसायला पैसा नव्हता. उत्तरेत वसुली थांबलेली, अब्दाली यमुनेपलीकडे. भाऊंनी ते चांदीचं छत उतरवलं आणि नाणी पाडली. सूरजमल जाटाला ते रुचलं नाही, आणि थोड्याच दिवसांत तो साथ सोडून निघून गेला. पुढच्या जानेवारीत पानिपत. आपण पानिपतावर एवढं बोलतो, एवढं रडतो, पण त्या छताखाली उभं राहून कुणी मराठी माणूस क्षणभर थांबलेला मला दिसत नाही. भाऊंनी केलं ते बरोबर की चूक, ह्यावर तिथेच उभं राहून भांडा, माझी हरकत नाही. पण थांबा तर खरं.

त्याच किल्ल्यात 1788 मध्ये गुलाम कादिराने बादशहा शाहआलमचे डोळे काढले. महादजी शिंद्यांच्या फौजेने येऊन बादशहाला सोडवलं, पुन्हा गादीवर बसवलं, आणि तिथून 1803 पर्यंत दिल्लीचा कारभार शिंद्यांच्या हातात राहिला. 11 सप्टेंबर 1803 ला यमुनेपलीकडे पटपडगंजला लढाई झाली, जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेला हरवलं आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. आज पटपडगंज म्हणजे हौसिंग सोसायट्या. इंग्रजांनी दिल्ली घेतली ती मराठ्यांकडून. हे वाक्य मी जाईन तिथे म्हणतो आणि म्हणत राहणार.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि फळ्यावरचा विषय अजून बाकीच आहे, तेव्हा आता भराभर लिहून घ्या.

राजधानी एक्सप्रेसने जा. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी बसलात की सकाळी नाश्त्याच्या वेळेला नवी दिल्ली. विमानाने जाणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण पहाटे उठून विमानतळ गाठायचा असेल तर निवांतपणा घरीच संपतो. निघायचं शनिवारी. त्यामागे हिशेब आहे, लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात.

मुक्काम एकच, आणि मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवर. ह्या एका मार्गावर दक्षिणेला कुतुबमिनार, मग हौज खास, जोरबाग, केंद्रीय सचिवालय, नवी दिल्ली आणि उत्तरेला चांदणी चौक. सगळ्यांत जुन्या राजधानीपासून मुघलांच्या शेवटच्या राजधानीपर्यंत एकाच रंगाने जाता येतं. लोकलच्या माणसाला ती मेट्रो म्हणजे आरामच.

रविवारी पोचल्यावर काही करायचं नाही. संध्याकाळी लोदी गार्डन. सय्यद आणि लोदी सुलतानांच्या कबरींभोवती दिल्लीकर डबे घेऊन बसलेले असतात, तुम्हीही बसा.

सोमवारी लालकोट. कुतुबचं आवार सकाळी लवकर, बसेस यायच्या आत. लोहस्तंभ, अलाई दरवाजा, तो अर्धा मिनार. मग बाहेर पडून शेजारच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात चाला. जमाली-कमालीची मशीद, राजों की बावली ही पायऱ्यांची विहीर, सुलतान बल्बनची पडकी कबर. तिकीट नाही, गर्दी नाही. टूरवाले इथे आणत नाहीत, एवढी शिफारस पुरे.

मंगळवारी दीनपनाह. हुमायूनचा मकबरा, इसा खानासकट, आणि दम असेल तर पुराना किल्ला. ज्याच्या जिन्यावरून पडून हुमायून 1556 मध्ये गेला, तो शेरमंडल तिथेच आहे.

बुधवारी शाहजहानाबाद. लाल किल्ला उघडल्याउघडल्या, मग जामा मशीद, मग चांदणी चौकातून सायकल रिक्षाने खारी बावलीच्या मसाल्यांच्या बाजारापर्यंत. शिंका येतील, रुमाल ठेवा. बल्लीमारानमध्ये गालिबची हवेली आहे, छोटीशी.

गुरुवारी नवी दिल्ली. आपलं गेटवे ज्याच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलं, तो पाचवा जॉर्ज 2 डिसेंबर 1911 ला अपोलो बंदरावर उतरला, आणि दहाच दिवसांनी, 12 डिसेंबरला, दिल्ली दरबारात त्याने राजधानी कलकत्त्याहून हलवल्याचं जाहीर केलं. शहर बांधून उद्घाटन व्हायला 1931 उजाडलं. रायसीना टेकडीवरून कर्तव्यपथाने खाली चालत या, राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी बघा. हाताच्या पंजाएवढी आहे, पटकन सापडत नाही, विचारा. सिरी, तुघलकाबाद आणि जहाँपनाह राहिले. राहू देत. फिरोजशहा कोटल्यात, म्हणजे त्या यादीतल्या फिरोजाबादेत, दर गुरुवारी लोक जिन्नांना, म्हणजे अदृश्य आत्म्यांना, अर्ज लिहून भिंतींच्या कोनाड्यांत ठेवतात, ते बघायला दुपारी तासभर काढता आला तर काढा. परतीची राजधानी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. सामान सकाळीच हॉटेलच्या काउंटरवर ठेवून निघा, म्हणजे कोटल्याहून थेट तेवढं उचलून स्टेशन गाठता येईल.