फक्की पडण्याआधी

लातूरच्या कडेला, जिथे काही वर्षांपूर्वी सोयाबीन उभे असे, तिथल्या 30 बाय 40 फुटांच्या एका भूखंडावर आज घराची आखणी होते आहे. मालकाच्या हाती मोजणीचा नकाशा आहे आणि हद्दीचे दगडही रोवलेले आहेत. मोजणी म्हटली की आपल्याकडे बांधावरचा वाद आठवतो, आणि दगड रोवले की ती संपली असे वाटते. बांधकामाची मोजणी मात्र तिथूनच सुरू होते.

आधी भूखंड काटकोनात आहे का, हे पाहायचे. या मापाला गणिताने मोठी सोय करून ठेवली आहे, कारण दोन्ही कर्ण बरोबर 50 फूट भरले पाहिजेत. मग सामासिक अंतरे, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडून कॉलमच्या मध्यरेषा दोरीने जमिनीवर उतरतात. इथे कोन एका अंशाने चुकला, तर 40 फुटांवर रेषा सुमारे 8 इंच सरकते. पुढे फरशीचे तुकडे पाचरीसारखे कापावे लागले की बोल लागतो तो फरशीवाल्याला, आणि बिचाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

मराठवाड्यात खरी कसोटी लागते ती लेव्हलची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे संदर्भाची खुंटी तिच्यातच ठोकली तर ती स्वतःच वरखाली होते. म्हणून बेंचमार्क, म्हणजे उंची मोजण्याचा पक्का संदर्भबिंदू, उघड्या खडकावर किंवा एखाद्या जुन्या, पक्क्या जोत्यावर धरतात. पायाची खोली आणि जोत्याची उंची ऑटो लेव्हल या तिपाईवरच्या दुर्बिणीने त्याच्याशीच ताडून पाहिली जाते. ‘जमिनीपासून पाच फूट’ हे माप चढउताराच्या रानात प्रत्येक खड्ड्याला वेगळे ठरते. गवंडी हेच काम पाण्याच्या पारदर्शक नळीने करतात आणि ते चोख होते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. जोते ठरवताना समोरच्या रस्त्याचाही विचार हवा. दर डांबरीकरणात रस्ता थोडा वर येतो, आणि जुन्या गल्ल्यांतले उंबरे त्याच्याखाली जातात.

कॉलम उभे राहू लागले की मजल्यामागून मजला ओळंबा लावला जातो. मोठ्या इमारतींवर त्याच्या जोडीला टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर एकत्र मोजणारे यंत्र, येते.

आता फक्की, म्हणजे खोदाईच्या खुणेची पांढरी पूड, पडली आहे आणि जेसीबी फाटकाशी आला आहे. खोदाईत या पांढऱ्या रेषा पुसल्या जाणार, म्हणून मिस्त्री खड्ड्यांच्या हद्दीबाहेर चार-चार फुटांवर ठोकलेल्या खुंट्यांना लाल रंग लावतो आहे. उद्या दोरी पुन्हा त्यांच्यावरूनच ताणली जाईल.